तुल्य भिन्न

माझी शेजारीण आणि सहाध्यायी शांताबाई गजभिये हिच्याविषयी मी हे लिहीत आहे. मला साठीनंतर अक्षरओळख झाली, म्हणून वाक्ये सावकाश रचावी लागतात.

शांताबाईचे आयुष्य रायपूरच्या भनपुरी भागातील एका राईस मिलमध्ये तांदूळ पाखडण्यात गेले. तिचे खांदे तेव्हापासून दुखतात. नवरा रेल्वेत होता, तो वारला. विहारातील प्रौढ वर्गात आम्ही दोघी बरोबरच बसू लागलो. मी अक्षरांत रमले; तिला अंकांचा नाद लागला. सही येऊ लागल्यावर बाकीच्या बायका यायच्या थांबल्या. हिने मात्र शिकवणाऱ्या चेतनाकडून पाचवीचे गणिताचे हिंदी पुस्तक मागून घेतले. त्याचा उपयोग काय, असे कोणी विचारले की म्हणे, "उपयोगाचं लई केलं. आता हे करू दे." उत्तर जुळले की ती स्वतःशीच हसे आणि भिंतीला टेकून डोळे मिटत असे.

यंदा तिचा मुलगा अभिनव तिला नव्या रायपुरातील आपल्या फ्लॅटमध्ये नेण्यास आला. त्याची मुलगी ओवी शाळेतून आली की घरी कोणी नसते.

"आई, इतवारी निघू. अन् ते पुस्तक वापस करून दे. या वयात कलेक्टर बनून राहिली काय तू?"

पुस्तक वर्गाचे होते. परत करणे भागच होते. परंतु ती एका पानावर अडली होती, आणि ते समजल्याखेरीज तिला जायचे नव्हते. पानाचे नाव 'तुल्य भिन्न'.

"कमला, तुल्य म्हणजे सारखे. भिन्न म्हणजे वेगळे. वेगळे असतील तं सारखे काहून?"

आम्ही चेतनाला विचारले. तिला मराठी येत नाही.

"दादी, भिन्न मतलब भिन्न! एक बटा दो, दो बटा चार, सब बराबर."

हिंदीत अपूर्णांकाला भिन्न म्हणतात, एवढेच अडले होते. पण आमची अडचण तिला दिसली नाही, आणि अपूर्णांक हा शब्द आम्हाला तेव्हा ठाऊक नव्हता.

शनिवारी शांताबाई सामान बांधत होती. लुगड्याची घडी करताना दुसरे टोक मी धरले. एकदा दुमडले, दोन पदर झाले. पुन्हा दुमडले, चार झाले. तिचे हात थांबले.

"दोन पदर उचल."

मी उचलले.

"हे अर्धंच ना?"

"हव."

"मघाशी दोनातला एक अर्धा होता. आता चारातले दोन. लुगडं तेवढंच." ती खाली बसली. "लिवनं वेगळं, माप सारखं. एवढंच होतं वं!"

मग तिने पुस्तक काढून ते पान उलटले. पुढे भिन्नांची बेरीज होती. ती बराच वेळ पाहत राहिली आणि पुस्तक मिटून माझ्या हाती दिले. चेतनाला ते मीच पोचवले.

काही दिवसांनी तिचा फोन आला.

"ओवीचं पुस्तक इंग्रजीत हाय, कमला. भिन्नाले फ्रॅक्शन म्हणतात. पुन्हा पहिल्यापासून."

"थकली असशील. सोडून दे आता."

"थकली तं आहोच. ओवी ट्यूशनले गेली की बसतो मी ते घेऊन. अक्षर समजत नाही. पण पट्ट्या काढल्या हायेत त्यात, लुगड्याच्या घडीसारख्या. त्या मले वाचता येतात."