खोबरेल लावून काढलेला स्टिकर

नव्या वस्तूवर चिकटवलेला कागद मला बघवत नाही. खोबरेल लावून मी तो काढतेच. नातीच्या लॅपटॉपखालचाही काढला. वर्षाच्या आत त्याची डिस्क गेली, तेव्हा नात स्टिकर शोधू लागली. "आज्जी, सिस्टमचं लायसन्स त्यावर होतं. आता नवीन विकत घ्यावं लागणार." तिची परीक्षा आठवड्यावर आलेली. तो मीच काढला हे तिला सांगितलं नाही आणि दुसऱ्या दिवशी लॅपटॉप स्वतःच घेऊन निघाले.

आमच्या बंगळुरातल्या बसवनगुडीत एका जिन्याखाली दुरुस्तीवाला बसायचा. बोली निपाणीकडची. काढलेले स्क्रू तो स्टीलच्या वाटीत ठेवायचा. त्याने लॅपटॉप उलटा केला, बोट फिरवलं आणि हुंगलं.

"खोबरेल?"

"हो. मीच काढला स्टिकर. बोल काय बोलायचं ते."

"स्वल्प बसा," एवढंच तो म्हणाला.

नवी डिस्क घालून त्याने सिस्टम चढवली. मग पडदा माझ्याकडे वळवला, जसं काही मला इंग्रजी वाचता येतं.

"लायसन्स आपोआप लागलं बघा. नंबर मशीनच्या पोटातच असतोय, विकत घेतानाच आलेला. डब्यावरची चिठ्ठी काढली म्हणून आतली डाळ जाते काय, आज्जी?"

कालपासून मी पहिल्यांदाच मोकळा श्वास घेतला. त्याने आपल्या दुकानाचा स्टिकर लॅपटॉपखाली लावला आणि अंगठ्याने दाबला. "हा तरी राहू द्या."

घरी येऊन नातीला खरं सांगितलं. ती हसत सुटली.

त्याचं नाव विचारायचं राहिलं. स्टिकरवर असणार, पण तो मी दुसऱ्याच दिवशी काढला.