कानशीचा एक हात जास्त

फुंक्याला दम्याने धरलं, वाजवणं सुटलं, आणि तेव्हापासून तो माउथ ऑर्गन दुरुस्त करून दिवस काढतो. त्याआधी तीस वर्षं तो एका क्लबात गिटारवाल्या दादांच्या शेजारी उभा राहून ब्लूज, म्हणजे किंचित उतरलेल्या सुरांचं ते दुखरं अमेरिकी संगीत, वाजवायचा. आता सत्तरी ओलांडल्यावर दादांनी स्टुडिओत जोडीचा अल्बम करायला घेतला, आणि तोही कुणाबरोबर? टोपीवाल्याबरोबर! जन्मभर समोरच्या क्लबात माउथ ऑर्गन फुंकत बसलेला तो टोपीवाला! फुंक्याचा नुसता जळफळाट झाला.

"अहो, तुम्हाला धड जिना चढवत नाही," बायको म्हणाली.

"विचारायला काय जात होतं? मी नाहीच म्हटलं असतं!"

शेवटी बोलावणं आलं, पण कशाचं? टोपीवाल्याच्या माउथ ऑर्गनमधली एक पट्टी बिघडली होती, तिच्या दुरुस्तीचं.

रेकॉर्डिंगवाल्याच्या खोलीत, काचेच्या अलीकडे बसून फुंक्याने झाकण उघडलं. आतली पितळी पट्टी टोकाशी घासली की सूर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. हे तो झोपेतही सांगेल. पट्टी त्याने चोख सुरात आणली. तेवढ्यात पलीकडे दादांनी टोपीवाल्याच्या पाठीवर थाप मारली, अगदी पूर्वी फुंक्याच्या पाठीवर मारायचे तशी. आणि मुळाशी कानशीचा एक हात जास्त पडला. पडला कसला, त्यानेच मारला! वाजव लेका आता बेसूर. येऊ दे दादांना माझी आठवण.

गाणं सुरू झालं. तो सूर आला आणि दादांनी झटकन मान वर केली. पण दादा थांबले नाहीत. डोळे मिटून त्यांनी गिटारची तार खालून ओढत नेली आणि त्या उतरलेल्या सुराला नेऊन भिडवली.

गाणं संपताच त्यांनी टोपीवाल्याला मिठीच मारली. "काय लावलास रे तो सूर! तीस वर्षं शोधत होतो मी. एकाने दिला नाही!"

टोपीवाला क्षणभर गोंधळला. पण नाही कशाला म्हणेल तो? हसला छानपैकी.

तो सूर माझा आहे, हे फुंक्याच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण सांगणार काय? गाण्याचं वाटोळं करायला पट्टी घासली होती, असं?

दादांनी काचेवर टकटक केलं. "आता त्या पट्टीला हात लावू नकोस हं!"

"नाही लावत," फुंक्या म्हणाला.