माझ्याच शेडमधली मावशी

"मावशी, साहेबांच्या पायाखालचं जरा पुसून घ्या."

केळकर हे बोलले तेव्हा ते माझ्या खुर्चीत बसले होते. शेड माझी. भाडेपावती माझ्या नावाची, विजेचं बिल माझ्या नावाचं. आणि मी जुनी साडी कमरेला खोचून, फडकं घेऊन, कंपनीच्या दोन साहेबांच्या बुटांपाशी उकिडवी बसले होते. एकाने पाय उचलला. दुसऱ्याने तोही नाही. त्याच्या बुटांना वळसा घालून मी फरशी पुसली.

पलीकडे हँडप्रेसवर माझा नवरा उभा होता. शेडचा दुसरा मालक. पाय न उचललेला साहेब हुद्द्याने मोठा होता. त्याने नवऱ्याला विचारलं, "किती वर्षं आहेस केळकरांकडे?"

नवरा म्हणाला, "बरीच."

एवढंच. मान वर न करता.

हे नाटक होतं. तासाभराचं. निदान आम्हाला तसं सांगितलं होतं.

आम्ही गास्केट बनवायचो. पंपाच्या, कॉम्प्रेसरच्या दोन लोखंडी तोंडांमध्ये जी चकती बसते, तेल-पाणी-वाफ बाहेर येऊ देत नाही, ती. नवरा आधी हडपसरकडच्या एका कारखान्यात हेच काम करायचा. मग बाहेरच्या कंपन्या देशात यायला लागल्या. त्या कारखान्याला परदेशी भागीदार मिळाला. नवी मशिनं आली, जुनी माणसं गेली. घरी बसवताना हातावर जे ठेवलं त्यातून आम्ही एक जुनी हँडप्रेस घेतली आणि बिबवेवाडीच्या चढावर पत्र्याची शेड भाड्याने घेतली. तो डाय, म्हणजे कापायचा साचा, लावायचा, शीट कापायचा. मी कडा तपासायचे, गठ्ठे बांधायचे, रिक्षात टाकून पोचवायचे.

बाहेर भिंतीवर आमचं आडनाव रंगवून घेतलं. सासरे मुद्दाम बघायला आले. जन्मभर रेल्वेच्या रुळांवर राबलेला माणूस. पाटीसमोर उभे राहिले. चष्मा पुसला, पुन्हा वाचली.  घरी येऊन दोन घास जास्त जेवले.

आमचं आडनाव ऐकल्यावर पुण्यात कुणी शिवी देत नाही. पुण्यातला अपमानही इस्त्रीचा असतो. "असं होय," म्हणतात. मग "मूळचे कुठले?" म्हणतात. मग "कळवतो" म्हणतात. कळवत नाहीत.

भोसरीच्या बाजूला पंप बनवणारी एक मोठी कंपनी नवे सप्लायर शोधत होती. आम्ही नमुने दिले. त्यांनी पंपाला लावून, दाब देऊन बघितले. टिकले. आम्हाला बोलावणं आलं. नवऱ्याने इस्त्रीचा शर्ट घातला. मी लग्नातली साडी नेसले.

खरेदी खात्यातले साहेब म्हणाले, "माल चांगला आहे हो. पण आम्ही नुसता माल घेत नाही. सप्लायर घेतो."

"म्हणजे काय, साहेब?" नवऱ्याने विचारलं.

"म्हणजे उद्या आमचे वरचे लोक तुमच्याकडे येणार, परवा परदेशातले येणार. मालकाला त्यांच्यासमोर बसता यायला हवं, बोलता यायला हवं."

"मी बोलेन," मी म्हणाले. मी बारावी झालेली होते. बँकेत, जकात नाक्यावर, गिऱ्हाइकाकडे मीच बोलायचे.

साहेबांनी पहिल्यांदा माझ्याकडे बघितलं.

"तुम्ही?"

एवढंच म्हणाले आणि आमची फाइल मिटली.

त्याच संध्याकाळी केळकर आमच्या घरी आले. ते त्या कंपनीच्या खरेदी खात्यातून रिटायर झालेले. कमिशन घेऊन लहान कारखानदारांना कंपनीत घुसवून द्यायचं, हा त्यांचा नवा उद्योग. साहेबांनीच त्यांना पाठवलं होतं. खुर्चीच्या कडेवर बसले, पाणी नको म्हणाले आणि मुद्द्याला आले.

"कंपनीचे लोक शेड तपासायला येतील त्या दिवशी मालक म्हणून मी बसतो. शेड तुमची, काम तुमचं, नाव तेवढं माझं. हल्ली सगळं प्रेझेंटेशनवर असतं."

"आणि आम्ही?" मी विचारलं.

"तुम्ही असालच की. फक्त मालक म्हणून दिसू नका."

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "एका दिवसाचा प्रश्न आहे."

"आपलं नाव पुसायचं?"

"पाटी पुसली म्हणून नाव पुसतं होय?"

 मुलगी शिकत होती. प्रेस दिवसचे दिवस थंड पडलेली असायची. तो सकाळी शेडवर जाऊन नुसता तिला तेल देत बसायचा. काम नसलेला कारागीर घरात कसा वावरतो ते ज्याने बघितलंय त्याला मी काय सांगणार.

पाटीवर चुना त्यानेच मारला. आतल्या भिंतीवरचे फोटो, निळ्या कोटातला आणि शेजारचा बुद्धाचा, मी पदरात गुंडाळून घरी नेले. रस्त्यात ओळखीच्या बाईने विचारलं, "काय नेताय?" मी म्हणाले, "काच तडकलीय. बदलायला."

मग तो दिवस. ते फडकं. ते बूट.

आम्ही पास झालो. म्हणजे केळकर पास झाले.

काम आलं, हे खरं. प्रेस दिवसभर चालायला लागली. पण नाटक संपलं नाही. केळकर आधी आठवड्याने यायचे, मग रोज सकाळी. आले की माझ्या खुर्चीत. नवऱ्याला आधी "अहो" म्हणायचे. मग "अरे" झालं. कुठल्या दिवशी झालं ते कळलंही नाही. मला मावशी. साहेब नसतानाही मावशी.

मी एकदा म्हणाले, "आता कुणी नाहीये इथे."

"सवय झाली हो त्या दिवसापासून," ते हसून म्हणाले. "आणि मावशी म्हणजे आईची बहीण. वाईट काय त्यात?"

माझ्या हातचा चहा त्यांनी कधी घेतला नाही. ॲसिडिटी होती म्हणे. कंपनीचे साहेब हॉटेलात घेऊन गेले की ती बरी व्हायची.

मी घरी बोलायचे. नवरा ऐकून घ्यायचा. "काम चाललंय ना?" म्हणायचा. तो वाईट माणूस नाही. दारू नाही, हात उचलणं नाही. कारखान्यात त्याने आयुष्यभर मान खाली घालून डायकडे बघितलं होतं. मान वर केली की बोट जातं, असं तो म्हणायचा. त्याला तेवढंच माहीत होतं.

केळकरांचा मुलगा खराडीला कॉम्प्युटरच्या कंपनीत होता. त्याने वेबसाइट बनवली. केळकर लॅपटॉप घेऊन आले. खुर्चीत बसून तो उघडला आणि आम्हाला बोलावलं.

"बघा. आपलं वर्कशॉप आता जगात कुठूनही दिसणार."

मी वाकून बघितलं. वर केळकरांचं नाव. खाली लिहिलेलं, संस्थापक. त्यांचा सूटमधला फोटो. त्याखाली आमची प्रेस. प्रेसच्या दांड्यावर दोन हात. ते हात मी कुठेही ओळखले असते. मनगटापाशी फोटो संपला होता.

"आम्ही कुठे आहोत यात?" मी विचारलं.

केळकरांनी स्क्रीनवर बोट ठेवलं. "हे काय. हात दिसतायत ना त्यांचे."

नवरा शेजारी उभा होता. त्याने ते हात पाठीमागे नेले.

मी मागे वळले. घरी गेले, भात लावला, आणि कुकरसमोर उभी राहिले तेव्हा मला हसू यायला लागलं. थांबेना. आमच्या आजोबांना सांगायचे, सावली पडू देऊ नका. आम्हाला सांगत होते, चेहरा येऊ देऊ नका. काम करा, हात दाखवा, मनगटापाशी संपा. एवढी मोठी कंपनी, परदेशातले साहेब, कॉम्प्युटर, आणि आत तीच गल्ली, तीच विहीर. हसता हसता कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या. मी खाली बसले. भात लागला.

पुढच्या तपासणीला तोच मोठा साहेब आला. बरोबर खरेदीचे साहेब. ते सगळं जाणून होते आणि माझ्याकडे भिंतीकडे बघावं तसं बघत होते. मी शीटच्या गठ्ठ्यावर बसून कडा तपासत होते.

"मावशी, पाणी आणा," केळकर म्हणाले.

मी उठले नाही.

"मावशी."

"मी मावशी नाही," मी म्हणाले. "मी या शेडची मालकीण आहे. तुम्ही माझ्या खुर्चीत बसलाय."

प्रेस थांबली.

केळकर हसले. "जुनी बाई आहे कामावरची. घरचं काही टेन्शन असेल."

मी नवऱ्याकडे वळले. "अहो, सांगा ना यांना."

तो दांडा धरून उभा होता. मोठ्या साहेबाने त्यालाच विचारलं, "काय रे, खरं बोलतेय ही?"

त्याने डायवरचा चुरा बोटाने झाडला. 

"मला माहीत नाही, साहेब," तो म्हणाला.

तेव्हा मी माझं नाव सांगितलं. पूर्ण नाव. बाईच्या नावात नवऱ्याचं नाव मध्ये येतंच. तेही सांगितलं, त्याच्याकडे बोट करून. मग आडनाव. त्या शेडमध्ये ते नाव चुना मारल्यापासून कुणी मोठ्याने उच्चारलं नव्हतं.

मोठा साहेब उठला. "असं होय," म्हणाला. आणि गाडीकडे गेला.

कंपनीने आम्हाला यादीतून काढलं. कारण दिलं, मालकीबद्दल खोटी माहिती. ज्यांनी खोटं शिकवलं ते खरेदीचे साहेब त्याच खुर्चीवर राहिले. मी त्यांना भेटायला गेले तर गेटवरच्या माणसाने फोन लावला, ठेवला आणि म्हणाला, "साहेब मीटिंगमध्ये आहेत. कायम."

केळकरांचं काही बिघडलं नाही. त्यांनी वारज्याला स्वतःची शेड काढली. कंपनीने ती तपासली. पास केली. आमचंच काम, आमच्याच मापाच्या चकत्या, तिथून जायला लागल्या. आता खोटं काहीच नव्हतं. मालक खरोखर केळकर होते.

आणि प्रेसवर माझा नवरा.

तो मला सांगून गेला. डबा भरताना म्हणाला, "त्यांनी बोलावलंय. तिथे काम आहे."

"आणि इथे?"

"इथे तू आहेस."

मी थांबवलं नाही. थांबवून त्याला कुठे उभं करणार होते?

शेड मी चालवते. चालवते म्हणजे उघडते. प्रेस मारायला मी शिकले. सोसायटीच्या पंपांचं, लाँड्रीच्या बॉयलरचं किरकोळ काम येतं. बऱ्याचदा तेही येत नाही. ओळखीचे दुकानदार हळू आवाजात म्हणतात, "ताई, तेव्हा जरा सांभाळून घ्यायला हवं होतं." मुलगी शिकून नोकरी शोधतेय. अर्जावर आडनावाचं नुसतं पहिलं अक्षर लिहिते. मी बघितलं.  तिची लढाई तिला लढू दे किंवा सोडू दे.

वारज्याच्या शेडमध्ये कामगारांना शर्ट मिळतात. खाकी. खिशावर केळकरांचं नाव, लाल दोऱ्यात शिवलेलं. नवरा तो घालून घरी आला. कपडे बदलून त्याने तो रोजच्यासारखा बादलीत टाकला. मी तो बाहेर काढला आणि त्याच्या हातात दिला.

"काय झालं?" तो म्हणाला.

"तुम्ही या, जेवा, झोपा. घर तुमचंच आहे. आजारी पडलात तर मी करीन. पण हे नाव माझ्या हातून धुतलं जाणार नाही. या घराच्या दोरीवर वाळणार नाही."

"पोटासाठी करतोय मी."

"माहीत आहे. म्हणून तुम्हाला काही म्हणत नाही. शर्टाला म्हणतेय."

तो शर्ट घेऊन मोरीत गेला.  ब्रशचा आवाज येत राहिला.

गेल्या आठवड्यात केळकरांनी त्याच्याबरोबर निरोप धाडला. प्रेस विकत घेतील, आणि मला तिकडे पॅकिंगला ठेवतील. नवऱ्याने निरोप सांगितला आणि माझ्या तोंडाकडे न बघता ताट पुढे ओढलं.

मी निरोप परत दिला. प्रेस मिळणार नाही. गंजली तर भंगारवाल्याला किलोवर देईन, केळकरांना नाही. आणि मी मेल्यावरही नाही, हे मुलीला सांगून ठेवलंय.