दोघांनी उचलायचा ट्रे

आमच्या घरात पत्रकांचे गठ्ठे इतके, की मी अक्षरं त्यांच्यावरच शिकले. अप्पा बेंबळीच्या बाजारात समतेची पत्रकं वाटायचे. पण ताईला बघायला पाहुणे आले, की मान खाली घालून चहाचा ट्रे तिनंच न्यायचा. मी भांडले की अप्पा म्हणायचे, "रीत हाय. दोन मिनिटांचं काम." दोन मिनिटांचंच असेल, तर ती मोडायला एवढा उशीर का?

येरमाळ्याचे पाहुणे यायचं ठरलं तेव्हा ताईच म्हणाली, "ट्रे नेते, पण एकटी न्हाय. दुसऱ्या बाजूला पोरानं हात लावायचा. उठला तर पुढचं बोलू."

शेजारी सुतारचाचांकडं दाराच्या चौकटींतून उरलेले लाकडाचे तुकडे पडलेले असतात. साग, बाभूळ, कडुलिंब, हाताला लागलं ते मी उचललं. चाचांनी रंधा मारला, मी हात सोलवटेपर्यंत काचकागद घासला. तुकडे जोडून ऐसपैस चौकोन केला आणि समोरासमोर दोन मुठी बसवल्या.

"बेटी, ट्रे करतीस का बाज?" चाचा हसत होते.

पाहुणे आले. चहा भरल्यावर ताईनं स्वयंपाकघराच्या दारातून पोराला हाक दिली, "जरा हात लावता का? एकटीला जड होतंय."

आत्यानं कपाळावर हात मारला. पोरगा मात्र उठला, आत आला. दोघांनी ट्रे उचलला आणि तो दारातच अडकला! रिकामा होता तेव्हा मी उभा धरून आत आणलेला. भरलेला उभा कसा धरणार?

"कुणी केला हा?" पोरानं विचारलं. ताईनं माझ्याकडं बोट दाखवलं. तो इतका हसला, की कप खुळखुळले. मग ट्रे खाली ठेवून त्यानंच मांडी घातली. "आई, आत या. चहा काय बाहेर येत न्हाय."

सगळे आत दाटीवाटीनं बसले. अप्पांना पिठाच्या डब्यावर जागा मिळाली. पोराची आई म्हणाली, "लई घरं बघितली, पण असं आत कुणी बसवलं न्हाय."

दुसऱ्या दिवशी चाचा करवत घेऊन हजर. "जिंदगीभर दरवाजे केले, अन् दरवाजाच मोजला न्हाय! आण, बोटभर कापून देतो."

ताईनं ट्रे पोटाशी धरला. "राहू द्या चाचा. आधी येरमाळ्याचं दार केवढं हाय ते बघून येते. आता बघायला मी जाणार."