सिस्टरांच्या मुलांची मिस्सा

त्या रविवारी चर्चमध्ये माझं जे हसं झालं, ते बाहेर कुणी तिखटमीठ लावून सांगण्याआधी माझ्याकडूनच ऐका.

आमच्या सोलापूरच्या चर्चमध्ये मी गायनमंडळ बघतो. लग्न असो, बाप्तिस्मा असो, नाहीतर कुणाची पुण्यतिथी. माणसं बघून, प्रसंग बघून मिस्सेची, म्हणजे आमच्या प्रार्थनाविधीची, गाणी आणि बायबलमधली वाचनं बसवायची, हे माझं काम. यात आपला हात धरणारा कुणी नाही, असं मी उगाच सगळ्यांना सांगायचो.

तर अगाथा सिस्टरांचा फोन आला. चर्चच्या शाळेच्या जुन्या मुख्याध्यापिका, वय पंच्याऐंशी. म्हणाल्या, “रविवारी माझी चाळीस मुलं येणारेत. मिस्सा त्यांना झेपेल अशी बसव.” काय काळजी घेऊ म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, प्रवचन लांबवू नका, चुळबुळ करतात. फार वेळ गुडघ्यावर ठेवू नका. आणि मध्येच बाथरूमला जायचं म्हणतील, तेवढं दार उघडं ठेवा.

आता तुम्हीच सांगा, डोळ्यांपुढं कोण येणार? दुसरी-तिसरीतली पोरंच ना?

मी हातवारे करायची, उड्या मारायची गाणी काढली. वाचनाला येशूनं सांगितलेला हरवलेल्या मेंढराचा दाखला घेतला आणि बायकोकडून मेंढीचे कान लावलेल्या चाळीस कागदी टोप्या करून घेतल्या. तिनं दोनदा विचारलं, सिस्टर कधीच्या रिटायर झाल्या, त्यांची मुलं कुठली? मी म्हटलं, तू टोप्या चिकटव.

रविवारी चाळीस म्हातारी माणसं आली. मला वाटलं, आजी-आजोबा पुढं आलेत, नातवंडं मागून येतायत. टोप्या दाराशीच ठेवल्या होत्या. सिस्टरांची इच्छा असेल असं समजून प्रत्येकानं निमूट घातली. नातवंडं काही आली नाहीत.

फादर नवे, तमिळनाडूचे. मराठी कागदावर बघून बोलतात. त्यांनाही सिस्टरांनी ‘मुलं’ एवढंच सांगितलेलं. मी लिहून दिलेला कागद उघडून त्यांनी वाचलं, “बाळांनो, गृहपाठ केला का?”

मोडनिंबहून आलेले एक आजोबा टोपीचे कान सावरत उठले. “केलाय की फादर. पन वही घरी ऱ्हायली.”

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. सिस्टरांची मुलं म्हणजे शाळेची पन्नास वर्षांपूर्वीची बॅच! आणि मिस्सा होती त्यांच्यातल्या वारलेल्या सोबत्यांसाठी. पहिल्या बाकावर एक बाई नवऱ्याचा फोटो मांडीवर घेऊन बसलेल्या. त्यांच्याही डोक्यावर कान. मला तिथून पळून जावंसं वाटलं.

गाणी बदलायची, तर वादकांनी दुसरं काही बसवलंच नव्हतं. शेवटी त्या बाईंपाशी जाऊन मी हळूच माफी मागितली. फोटोकडं बघत त्या म्हणाल्या, “ह्यांना असलं लई आवडायचं. होऊ द्या.”

चाळीसही जण उभे राहिले. हात वर, हात खाली, जमेल तशी उडी. त्यांना दाखवायला म्हणून मी सगळ्यांत उंच उडी मारली आणि कंबर अशी धरली, की वाकलेला सरळ होईना. मला दोघा आजोबांनी धरून बाकावर बसवलं.

मिस्सा संपल्यावर सिस्टर फादरांना म्हणाल्या, “मुलांना सगळं झेपलं. पण पुढच्या वेळी गाणी बसून म्हणायची ठेवू या. आमच्या या मास्तरांचं वय झालंय.”

मी बेचाळीस वर्षांचा आहे.