जाळ्याचा दोरा आणि न हलणारा दात

मंडळी, आज माझ्या बोईसरच्या दातांच्या दवाखान्यात नवापूरच्या एक कोळीण ताई बारा वर्षांच्या लेकीला घेऊन आल्या.

"डॉक्टर, हिचा खालचा दुधाचा दात पडतच नाय. जाळ्याचा दोरा बांधून तीनदा वडला, हालत पन नाय!"

मी आधी चिडलेच. मग एक्स-रे काढला आणि बघतच राहिले. त्या दाताखाली नवा दात नव्हताच. काही जणांचा तो मुळात तयारच होत नाही आणि हे बरेचदा घराण्यात चालत येतं.

उत्सुकता गप्प बसू देईना. ताईंनाही तोंड उघडायला लावलं. नेमकी तिथेच फट!

"माझा दात बापानं वडलेला, असाच दोरा बांधून. नवा आलाच नाय. त्यानंच मुळासकट उपटला म्हनून मी जन्मभर बोल लावला त्याला."

मी म्हटलं, "ताई, नवा येणारच नव्हता. लेकीचा मात्र ओढू नका. जपला तर बरीच वर्षं टिकेल."

मंडळी, तुमच्या घरात आहे का कुणाचा असा न पडलेला दात?

ताई निघाल्या, दारातून परत वळल्या.

"बाप आता नाय, डॉक्टर. कुनाला सांगू?"