तिसगावच्या मुलींची धावपट्टी

सुनंदाचा फोन आला तेव्हा मी महाबळेश्वरच्या हॉटेलांचे फोटो चाळत बसले होते. जानेवारीतली जोडून आलेली सुट्टी, नवरा कामासाठी बाहेरगावी, लेक हॉस्टेलवर. सुनंदा माझी कॉलेजची मैत्रीण. गेली बारा वर्षं ती पाथर्डी तालुक्यात तिसगावला शिक्षिका आहे.

"महाबळेश्वर कुठे पळून जात नाही," ती म्हणाली. "तू इकडे ये. रविवारी आमची पोरं मैदान करणार आहेत."

"मैदान करणार म्हणजे?"

"ये आणि बघ."

शनिवारी सकाळी पुण्याहून नगरची एसटी धरली. कागदोपत्री आता अहिल्यानगर असलं तरी कंडक्टर अजून "नगर, नगर" असंच ओरडतो. गाड्या भरपूर आहेत आणि बायकांना तिकीट अर्धं, त्यामुळे स्वतःची गाडी काढायचा मोह टाळा. वेळ मात्र चार तासांचा धरा, त्यातला एक तास वाघोलीच्या कोंडीलाच द्यावा लागतो. शिरूरच्या पुढे रस्ता मोकळा झाला आणि दोन्ही बाजूंना हुरड्याच्या पाट्या दिसायला लागल्या.

माळीवाडा स्टँडजवळ मिसळ खाल्ली. झणझणीत होती, दुसरी तर्री मागायचं धाडस झालं नाही. तिथून रिक्षा करून हिवरे बाजारला गेले. जाणं, येणं आणि तासभर थांबणं असा भाव आधीच ठरवून घ्या. पाणी अडवून, बोअरवेल आणि झाडतोडीवर बंदी घालून सावरलेलं गाव म्हणून त्याचं नाव सगळ्यांनी ऐकलेलं असतं. मला तिथे स्वच्छ रस्ते दिसले, दुधाची किटली घेऊन निघालेली एक बाई भेटली. तिला विचारलं, इतके नियम लोक पाळतात कसे?

"ग्रामसभेत आमीच ठरवलेले हायेत ना," ती म्हणाली. "दुसऱ्यानं लादलं असतं तर कोन पाळतंय?" आणि डेअरी बंद होईल म्हणून घाईने पुढे गेली.

दुपारनंतर नगरहून पाथर्डीची एसटी मिळाली, तिसगाव त्याच वाटेवर आहे. करंजी घाट छोटा, पण खिडकीची जागा मिळवण्यासारखा. संध्याकाळी सुनंदाकडे बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि शेंगदाण्याची चटणी. जेवताना तिने सगळं सांगितलं.

गावातल्या डझनभर मुली पोलीस भरतीची तयारी करतात. पळायला जागा नाही म्हणून पहाटे मोठ्या रस्त्याच्या कडेने पळायच्या. त्यांच्यातली सगळ्यात चांगली पळणारी म्हणजे प्रणाली. दीड महिन्यापूर्वी मागून आलेली एक मोटारसायकल तिला घासून गेली. घोट्यावर निभावलं, पण आईने त्या दिवसापासून तिला पळायला सोडलं नाही. बाकीच्या घरांतूनही मुलींना बंदी झाली. भरतीची जाहिरात कधीही निघेल अशी स्थिती. मग प्रणाली ग्रामसभेत उभी राहिली आणि तिने शाळेमागची पडीक सरकारी जागा पळण्यासाठी मागितली. ठराव झाला. आता ती साफ करायची होती.

रविवारी सकाळी सातला आम्ही तिथे पोहोचलो. वेड्या बाभळी, प्लॅस्टिक, फुटक्या बाटल्या. जागेच्या एका अंगाला शेतकऱ्यांची आळी, दुसऱ्या अंगाला बुद्धविहार आणि त्याच्याभोवतीची वस्ती. प्रणालीचं घर विहाराशेजारी. दोन्हीकडची मिळून चाळीसेक तरुण मुलंमुली कोयते, घमेली घेऊन जमली होती. कुणीतरी विहारातून पाण्याचे ड्रम आणले. मला हातमोजे आणि एक पोतं मिळालं.

दहापर्यंत काम धडाक्यात चाललं. मग अडलं. पळायची गोल पट्टी जिथून जाणार होती तिथे मधोमध कडब्याची भलीमोठी गंज होती. गंज म्हणजे वाळल्या ज्वारीच्या पेंढ्या रचून केलेला ढीग. ती आळीतल्या नानांची. नाना सत्तरीचे, मोठ्या रस्त्याकडेला घर, दोन गायी. ते गंजीला टेकून उभे होते.

"लई वर्सं हितंच रचतो मी. तुमाला पळायचंय तर माझ्या गायींनी काय उपाशी ऱ्हायाचं?"

"ट्रॅक्टरनं लोटू," एक मुलगा म्हणाला. "पाच मिनिटांचं काम हाय."

"लोट की," नाना म्हणाले, आणि काठी घट्ट धरली.

आळीतले चार जण नानांच्या बाजूला सरकले. सुनंदाने माझा हात धरला. प्रणालीने कोयता खाली ठेवला आणि ती पुढे आली. बारीक, उंच मुलगी, घोट्यावर अजून काळपट डाग.

"ट्रॅक्टर न्हाई आनायचा," ती म्हणाली. "नाना, आमी एकेक पेंढी उचलून तुमच्या गोठ्यामागं रचून देतो."

"आज फोटू काढाल, उद्या कोन हाय हितं?"

"मी रोज पाचला पळायचे, नाना. धार काढताना तुमी बघायचे मला."

नानांनी काठी या हातातून त्या हातात घेतली.

"त्या दिशी मी पडले, तवा तुमीच उचललं मला. घरी तुमीच आनून सोडलं."

हे मला ठाऊक नव्हतं. सुनंदालाही नव्हतं. नानांनी पागोटं सारखं केलं.

"गंज रचता येती का तुमाला?"

"न्हाई."

"वाकडी रचली तर पानी शिरतं. नासतो कडबा."

"तुमी सांगा तशी रचू."

नाना काठी टेकत गोठ्याकडे निघाले. जाता जाता म्हणाले, "आदी खाली दगडं टाका. वाळवी लागंल."

मग रांग लागली. मैदानापासून गोठ्यापर्यंत, एकाच्या हातातून दुसऱ्याच्या हातात पेंढ्या. आळीतली मुलं, वस्तीतली मुलं, सुनंदा, मी. कडब्याने हात असे खाजतात की काय सांगू. नाना एकेकाला शिकवत होते, चुकली पेंढी काढायला लावत होते. त्यांच्या सुनेने मोठ्या पातेल्यात चहा केला आणि रांगेतल्या सगळ्यांना स्वतः दिला. सुनंदा हळूच म्हणाली, "या दोन बाजू मतदानाची रांग सोडून एकत्र उभ्या राहिलेल्या मी पाहिल्या नव्हत्या."

चार वाजता चुन्याच्या फक्कीने पांढरी रेघ ओढून झाली. सगळे प्रणालीकडे बघायला लागले. तेवढ्यात तिची आई आली. दिवसभर ती दारातून बघत होती. तिने चपला काढल्या आणि अनवाणी, सावकाश, ती सगळी पट्टी चालली. मधेच वाकून बाभळीचा काटा उचलायची, ओच्यात टाकायची. पूर्ण फेरी झाल्यावर लेकीसमोर थांबली.

"पळ," म्हणाली.

प्रणाली पळाली. घोटा पहिल्या वळणावर थोडा बिचकला, दुसऱ्यावर नाही. आईने एकदाही डोळे तिच्यावरून हलवले नाहीत.

सोमवारी सकाळच्या गाडीने परतले. महिना होऊन गेलाय. जाहिरात अजून निघालेली नाही. सुनंदा सांगते, दर रविवारी सगळे येत नाहीत, एकदा तर सातच जण होते, आणि बाभळी पुन्हा फुटतायत. पण आठ मुली रोज पळतात. पट्टीवर कचरा टाकणाऱ्याला नाना घरातूनच हटकतात.

तुम्ही गेलात तर तिथे प्रेक्षणीय असं काही नाही, एक गोल पांढरी रेघ आहे. मला मात्र घरी आल्यावर एक गोष्ट टोचत राहिली. आमच्या इमारतीत पंधरा-सोळा तरुण मुलं आहेत. जिन्यात भेटतात, मी त्यांना वाट देते, ती मला देतात. मी तेरा वर्षं इथे राहते आणि मला त्यांची नावं ठाऊक नव्हती. परवा लिफ्टमध्ये तिसऱ्या मजल्यावरची दोघं भेटली तेव्हा विचारलं. आधी ती दचकली, काही तक्रार आहे का काकू, म्हणाली. नाही म्हटलं, सहज.

आतापर्यंत सहा जणांची नावं पाठ झाली आहेत.